चिठ्ठीविना स्टेरॉइड, मोजणीविना बुरशी

म्युकरमायकोसिस हा शब्द २०२१ च्या उन्हाळ्यापूर्वी सोलापुरात नाक-कान-घशाचे डॉक्टर आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी सोडले तर फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. महिनाभरात तो चहाच्या टपरीवर पोचला आणि ‘म्युकर’ एवढाच उरला. १७ एप्रिलला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली, २ मे रोजी निकाल लागला. तोवर कोरोनाची दुसरी लाट शहरातून माळशिरस, माढा, करमाळा, बार्शीच्या गावांत उतरली होती. ऑक्सिजनच्या खाटा शोधून आणि रेमडेसिव्हिरच्या रांगा लावून थकलेल्या नातेवाइकांच्या हातात मग तिसरी चिठ्ठी पडली. तिच्यावर नाव होते बुरशीवरच्या औषधाचे, ॲम्फोटेरिसिन-बी. रुग्ण कोरोनातून उठला होता, घरी गेला होता आणि काही दिवसांतच गाल बधिर, एक डोळा सुजलेला, नाकातून काळसर खपली अशा अवस्थेत पुन्हा दवाखान्याच्या दारात उभा होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मे २०२१ च्या मध्यात तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी राज्यात दोन हजारांहून अधिक रुग्ण असू शकतात, असे सांगितले होते. जुलैमध्ये केंद्राने संसदेत दिलेला देशाचा आकडा ४५ हजारांच्या पुढे होता आणि मृत्यू ४,३०० हून अधिक. त्यांत महाराष्ट्राचे रुग्ण नऊ हजारांवर होते. जगात इतरत्रही कोरोना होता आणि स्टेरॉइडही होते. पण हा एवढा ढीग भारताच्याच वाट्याला आला.

आता ‘म्युकर गेला’ असे सर्रास म्हटले जाते. साथ गेली हे खरे. ज्या तीन गोष्टींनी ती साथ घडवली त्या मात्र जागच्या जागी आहेत: सगळीकडे असलेली बुरशी, घरोघरी पोचलेली शुगर आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडची गोळी.

यांतल्या पहिल्या गोष्टीचे काही करता येत नाही. म्युकर वर्गातल्या बुरशीचे बीजाणू मातीत, उकिरड्यावर, भिजलेल्या कडब्यात, कुजत पडलेल्या पाचटात, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असतात. तीसहून अधिक साखर कारखान्यांच्या आणि ज्वारीच्या या जिल्ह्यात तर त्यांना काही कमी नाही. ते रोज प्रत्येकाच्या नाकात जातात आणि तिथेच संपतात, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांना गिळून टाकतात. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी या बुरशीवर वर्षानुवर्षे काम करत होते. भारतातले म्युकरचे प्रमाण जगाच्या मानाने सत्तर पटींच्या घरात असावे, असा त्यांचा अंदाज २०१९ मध्येच, म्हणजे कोरोनाच्या आधी, छापून आला होता. त्या वेळी तो कुणी वाचला नाही, हा आपला नेहमीचा शिरस्ता.

दुसरी गोष्ट शुगर. रक्तातली साखर फार चढली आणि रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटे होते, आणि या बुरशीला वाढायला लोह हवेच असते. वर त्याच साखरेने पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात. त्यात स्टेरॉइड पडले की साखर आणखी चढते आणि उरलीसुरली राखणही झोपते. बुरशी मग रक्तवाहिन्यांत शिरते, त्यांत गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. नाकात, टाळूवर दिसणारा काळा रंग हा त्या मेलेल्या मांसाचा असतो.

देशभरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन २०२१ मध्ये अशा २,८२६ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७८ टक्क्यांना मधुमेह होता आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड मिळाले होते. ऑक्सिजनची गरज मात्र ५७ टक्क्यांनाच लागली होती. हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचतात हे सिद्ध केले, तेव्हा त्याच चाचणीने दोन अटीही सांगितल्या होत्या. मात्रा दिवसाला सहा मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. आणि फायदा फक्त ज्यांना ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागतो त्यांनाच. ज्यांना लागत नाही त्यांना फायदा दिसला नव्हता. आपल्याकडे बातमीतले औषध गावोगाव पोचले, अटी वाटेतच गळाल्या. ताप आला की पहिल्याच दिवशी डेक्सा, उतरला नाही की दुप्पट डेक्सा, आणि शुगर तपासायला कुणालाच सवड नाही. दोष एकट्या खेड्यातल्या डॉक्टरचा नव्हता. व्हॉट्सॲपवर फिरणारी ‘कोविड किट’ची यादी पाहून घरच्याघरी गोळ्या सुरू करणारे शहाणेही कमी नव्हते.

इथवरची गोष्ट बहुतेकांना अर्धीमुर्धी तरी ठाऊक आहे. जिच्याबद्दल बोलले जात नाही ती गोष्ट वेगळ्या माणसांची आहे. त्यांना ही औषधे खरोखरच लागतात, आणि आयुष्यभर लागतात.

मूत्रपिंड बदललेला माणूस टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि थोडे प्रेडनिसोलोन यांवर जगतो. ती बंद केली तर शरीर नवे मूत्रपिंड परके म्हणून नाकारते. सोलापूर जिल्हा अवयवदानाच्या व्यवस्थेत पुण्याच्या विभागीय समन्वय समितीखाली येतो आणि मेंदूमृत व्यक्तीचे अवयव घेऊन सोलापूर-पुणे रस्त्यावर धावणारी रुग्णवाहिका इथल्या लोकांना आता नवी नाही. त्या धावपळीचे फोटो छापून येतात. त्यानंतरच्या वीस वर्षांच्या गोळ्यांचा फोटो निघत नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या बायका आहेत, ल्युपसच्या तरुण मुली आहेत, सोरायसिसचे रुग्ण आहेत, आतड्याच्या जुन्या दाहाने त्रासलेले लोक आहेत. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात केमो घेऊन एसटीने गावी परतणारे आहेत. यांची प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम खाली ठेवलेली असते, आणि ते योग्यच असते.

गंमत अशी की यांतली काही औषधे बुरशीनेच दिली आहेत. सायक्लोस्पोरिन सापडले ते नॉर्वेतल्या मातीतल्या एका बुरशीत. १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीत त्याचा गुण ध्यानात आला आणि अवयव प्रत्यारोपणाचे चित्रच पालटले. मायकोफिनोलेटचे मूळ द्रव्य पेनिसिलियम जातीच्या बुरशीतले. ज्या जिवाने ही औषधे दिली, त्याचेच भाऊबंद त्यांचा आडोसा घेऊन शरीरात शिरतात.

कोणते औषध कोणती राखण काढते यावर कोणती बुरशी येणार हे बऱ्याच अंशी ठरते. केमोने पांढऱ्या पेशी तळाला जातात तेव्हा ॲस्परजिलस फुप्फुसात आणि कँडिडा रक्तात उतरते. प्रत्यारोपणाची औषधे टी-पेशींवर चालतात. तिथे न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया आणि क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर यांची भीती. स्टेरॉइड जास्त मात्रेत, जास्त दिवस चालले तर यांतले काहीही. क्रिप्टोकॉकस कबुतरांच्या विष्ठेत वाढतो. दादरचा कबुतरखाना ऑगस्ट २०२५ मध्ये ताडपत्रीने झाकला गेला तेव्हा भूतदया आणि आरोग्य यांचा मोठा सामना रंगला. पण मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या खिडकीवर कबुतरांची वस्ती असू नये, एवढ्यावर तरी वाद व्हायला नको होता.

हे रोग गुपचूप येतात. प्रतिकारशक्तीच दबलेली असल्याने तापही जेमतेम असतो. तीन आठवडे डोके दुखते, त्याला ‘पित्त’ म्हणतात. कोरडा खोकला आणि चालताना दम लागतो, त्याला ‘धूळ’ म्हणतात. सोलापूरच्या रस्त्यांवर ते निदान खपूनही जाते. छातीच्या फोटोत डाग दिसला की टीबीच्या गोळ्या सुरू होतात. टीबी असतोही पुष्कळदा, कारण हीच औषधे टीबीलाही वाट देतात. पण थुंकीत जंतू सापडलेला नसताना, दोन महिने गोळ्या घेऊनही वजन उतरतच असेल, तर बुरशीचा विचार व्हायला हवा. तो होत नाही, कारण तपासणारा जवळ नसतो.

ही तपासणी मुळात फार अवघड नाही. म्युकरचा संशय आला की नाकातल्या खपलीचा किंवा मांसाचा कणभर तुकडा काचपट्टीवर ठेवतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि पातळ काच झाकतात. थोड्या वेळात शरीराच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशी तशीच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे चपटे, मध्येच दुमडलेले दिसतात. त्यांत आडवे पडदे जवळपास नसतात आणि फांदी काटकोनाच्या आसपास फुटते. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, एकसारख्या जाडीचे, ठरावीक अंतरावर पडदे असलेले. फांदी साधारण ४५ अंशांत निघते. एवढ्या फरकावर माणसाचे औषध ठरते. ॲस्परजिलसवर पहिल्या पसंतीचे व्होरिकोनॅझोल म्युकरला काहीच करत नाही. चुकीचे औषध चालू राहिले तर म्युकर चार दिवसांत सायनसमधून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत जातो.

सूक्ष्मदर्शक तर टीबीच्या थुंकीसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही असतो. कमी आहे ती शिकवलेल्या डोळ्यांची. सोलापुरात १९६३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डॉ. वैशंपायन यांच्या नावाचे. त्याला जोडलेल्या सिव्हिलमध्ये फक्त जिल्ह्यातून नव्हे, धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीकडूनही रुग्ण येतात. अशा ठिकाणी बुरशीची तपासणी आठवड्याचे सातही दिवस, रात्रीही व्हावी आणि तालुक्याच्या तंत्रज्ञांनी तिथे येऊन ती शिकून जावी, ही मागणी फार मोठी नाही. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणात याहून जास्त पैसा जातो.

औषधाची बाजू महाराष्ट्रापुरती खरे तर अभिमानाची होती. ॲम्फोटेरिसिन हे १९५० च्या दशकातले, व्हेनेझुएलातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासूनचे औषध. ते बुरशी मारते तसे मूत्रपिंडालाही मारते. थंडी वाजून ताप भरतो, रक्तातले पोटॅशियम ढासळते. ते स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पुटकुळ्यांत भरून दिले तर त्रास पुष्कळ कमी होतो. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या साथीने असे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन भारतात तयार केले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. अंबरनाथला ॲम्फोटेरिसिन बनते. मे २०२१ च्या टंचाईत वर्ध्याच्या एका कंपनीनेही उत्पादन सुरू केले. एवढे सगळे घरात असताना नातेवाइकांना कुप्यांसाठी रात्री-अपरात्री फोन फिरवावे लागले, कारण गरज किती लागेल याचा अंदाजच कुणाकडे नव्हता. हिशेब सोपा आहे. साठ किलोच्या माणसाला किलोमागे पाच मिलिग्रॅम म्हणजे रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या, रोज, कित्येक आठवडे. एका कुपीची किंमत काही हजार रुपये. राज्याने महात्मा फुले जन आरोग्य योजनेत म्युकर घेतला, १२ जून २०२१ ला जीएसटी परिषदेने या औषधावरचा कर शून्यावर आणला. दोन्ही निर्णय चांगले, पण तोवर बरीच घरे दागिने मोडून बसली होती.

औषध मिळाले म्हणजे सुटका, असेही नव्हते. मेलेले मांस कापून काढल्याशिवाय औषध तिथे पोचतच नाही. कुणाचा वरचा जबडा गेला, कुणाचा डोळा. टाळू काढलेल्या माणसाने पाण्याचा घोट घेतला की ते नाकातून येते. बोलणे गेंगाणे होते, घरच्यांनाही दोनदा विचारावे लागते. दंतवैद्य मापाने कृत्रिम टाळू बसवतात, तेव्हा कुठे तो पुन्हा भाकरी चावू लागतो. त्या उन्हाळ्यात वाचलेल्यांमध्ये असे चेहरे आहेत. त्यांच्या पुनर्वसनाची चर्चा लाटेबरोबरच ओसरली.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, जी पूर्णपणे माणसाच्या हातात आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या बाईला कॉर्टिसोन दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यासाठी नोबेल मिळाले. तीच जादू आज गल्लीबोळात विकली जाते. कंबर धरली, गुडघा दुखतो, दमा उसळला, की कागदाच्या पुडीत तीन-चार रंगीत गोळ्या मिळतात. त्यांतली एक बारीक पांढरी गोळी डेक्सामेथासोनची किंवा प्रेडनिसोलोनची. दुसऱ्या दिवशी गुण येतो. डॉक्टरला हातगुण आहे असे गावभर होते. पुडी संपली की दुखणे परत येते, म्हणून पुडी परत येते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या चूर्णांमध्येही स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे देशात अनेकदा उघड झाली आहेत. वर्षभराने चेहरा गोल सुजतो, हाडे ठिसूळ होतात, शुगर निघते. या माणसाला आपण प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतो आहोत याची कल्पनाच नसते. त्याच्या कुठल्याही केसपेपरवर ते लिहिलेले नसते. खरा धोक्यातला रुग्ण हा आहे, प्रत्यारोपणाचा नव्हे. त्याला निदान आपल्या गोळ्यांची नावे पाठ असतात.

मलमांची कथा याहून उघडी. सोलापूरचा मे महिना, घामाने भिजलेले कपडे, यंत्रमागाच्या शेडमधली कोंदट हवा. जांघेत, काखेत नायटा होणारच. तो गेल्या दहा-बारा वर्षांत हट्टी झाला आहे, नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले, आणि मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने न्यूयॉर्कमधल्या दोन महिलांत ती सापडल्याचे जाहीर केले. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली मलमे मेडिकलमधून मागून घ्यायची, खाज थांबली की बंद करायची, ही सवय तिच्या वाढीला मोठा हातभार लावते, असे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आहेत. मार्च २०१८ मध्ये केंद्राने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. बंदी कागदावर आहे. ट्यूब काउंटरवर आहे.

चिठ्ठीचा नियम राबवता येत नाही असे नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी २०१२-१३ च्या सुमारास दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय विक्री नको, एवढाच असलेला कायदा लावायला घेतला. केमिस्ट रस्त्यावर उतरले, बंद झाले, केवढा गहजब झाला. काही काळ तरी राज्यातल्या दुकानांत चिठ्ठी विचारली जाऊ लागली. पुढे अधिकारी बदलला आणि सगळे पूर्वपदावर आले. औषध दुकानदारांची एक अडचण खरी आहे: खेड्यात डॉक्टरच नाही तिथे चिठ्ठी कुठून आणायची? तिचे उत्तर आरोग्य केंद्रातली रिक्त पदे भरणे हे आहे, डेक्साची पट्टी मोकळी सोडणे हे नव्हे. टीबीच्या आणि वरच्या दर्जाच्या प्रतिजैविकांसाठी ‘एच-१’ यादीत रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. पोटात घ्यायच्या स्टेरॉइडलाही तीच नोंदवही लावावी. पहिल्या वर्षी खोट्या नोंदी होतील. तरी कुठल्या तालुक्यात किती पट्ट्या जातात, एवढे तरी कळेल.

मोजण्यावर एवढा जोर देण्याला सोलापूर जिल्ह्यातच आधार आहे. बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. भगवान नेने यांनी बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांत माणसे फिरवली. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाची वाट न पाहता ती गावात जाऊन विचारू लागली. खेड्यातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग किती मोठ्या प्रमाणावर आहे हे त्या वह्यांमधून दिसले, आणि तपासणीच्या मोहिमा त्यावर उभ्या राहिल्या. संगणक नव्हते, मोबाइल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. बुरशीच्या आजारांची आजची अवस्था त्या काळच्या कर्करोगासारखी आहे. २० मे २०२१ ला केंद्राने म्युकरची नोंद सक्तीची करायला राज्यांना सांगितले, म्हणून निदान आकडे तरी हाती आले. कँडिडा, ॲस्परजिलस, क्रिप्टोकॉकस यांच्या वाट्याला असा आदेश आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्यांदाच सर्वांत घातक १९ बुरशींची यादी काढली. या तिन्ही त्यात अग्रक्रमावर आहेत. वैशंपायन महाविद्यालय, बार्शीचे रुग्णालय आणि शहरातली मोठी खासगी रुग्णालये यांनी ठरवले तर जिल्ह्याची एक सामाईक वही वर्षभरात सुरू होऊ शकते. आणि पुढच्या टंचाईत कुप्या किती मागवायच्या, हे आधी ठाऊक असेल.

या सगळ्या चर्चेचा एक धोका आहे आणि तो लहान नाही. बुरशीच्या भीतीने लोक गरजेची औषधे सोडतात. २०२१ नंतर ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून दम्याचा पंप फेकून देणारे निघाले. पंपातले स्टेरॉइड फुप्फुसापुरते, अगदी अल्प मात्रेत असते. ते वापरून गुळणी केली की तोंडात पांढरी बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो. महिनोन्महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्याने ते एका दिवसात बंद केले तर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तयार नसते, रक्तदाब कोसळतो आणि जिवावर बेतते. मात्रा हळूहळूच उतरवायची असते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने रक्तपेशी संपून दगावलेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत सापडतात. चिठ्ठीवर वार लिहून घ्यावा, मराठीत.

प्रत्यारोपण झालेल्यांसाठी आणखी एक सापळा मेडिकलच्या काउंटरवरच असतो. नायट्यासाठी म्हणून घेतलेली फ्लुकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोलची गोळी यकृतात टॅक्रोलिमस मोडू देत नाही. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी चढते, हात कापू लागतात, आणि ज्या मूत्रपिंडासाठी ते औषध घेतले जाते त्यालाच इजा होते. बुरशीची गोळी घ्यावी लागतेच कधी कधी; पण तेव्हा टॅक्रोलिमसची मात्रा डॉक्टर मोजून उतरवतात. त्वचेच्या डॉक्टरला मूत्रपिंडाची गोष्ट सांगायला रुग्ण विसरतो आणि दोन डॉक्टरांची कधी गाठ पडत नाही. म्हणून औषधांची यादी खिशात हवी.

घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्याच, पण त्या कराव्यात. स्टेरॉइड चालू असताना उपाशीपोटीची शुगर पुष्कळदा बरी निघते आणि दुपारनंतर चढते, तेव्हा जेवणानंतरची तपासावी. जास्त मात्रेचे स्टेरॉइड महिनाभर किंवा त्याहून अधिक चालणार असेल, तर न्यूमोसिस्टिस टाळायला कोट्रायमोक्साझोल हवे का, हे डॉक्टरांना विचारावे. गोळी स्वस्त आहे, सल्फाची ॲलर्जी असेल तर मात्र आधी सांगावे. भिजलेला कडबा, उकिरडा, जुन्या भिंतीची ओल यांत या माणसांनी हात घालू नये. घालावाच लागला तर मास्क आणि हातमोजे घालून. गालाला एका बाजूने बधिरपणा, वरचे दात अचानक हलणे, एका डोळ्याला सूज किंवा दुहेरी दिसणे, नाकातून काळी खपली यांपैकी काहीही आढळले तर सकाळची वाट पाहू नये. आणि केसपेपर काढणाऱ्याला, नर्सला, डॉक्टरला, जो पहिला भेटेल त्याला आधी हे सांगावे: प्रतिकारशक्तीची औषधे चालू आहेत.